रायडिंग ग्रुपचा पॅच भरून घेताना

आजचा विषय हातभर आकाराचाही नाही, पण त्यावरून गटागटांत महिनाभर चर्चा चालते. तो म्हणजे मोटरसायकलवाल्यांच्या जॅकेटवरचा भरतकाम केलेला पॅच. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, दिल्ली अशा ठिकाणी मराठी मंडळी एकत्र येऊन रविवारी सकाळी गाड्या काढतात. सहा महिन्यांत गटाला नाव मिळतं, मग कुणीतरी म्हणतं, "आपला एक पॅच करूया." वर्गणी जमते, कुणाचा तरी भाचा मोबाइलवर चित्र बनवतो, ते कारखान्याला जातं आणि तीन आठवड्यांनी खोकं येतं. खोक्यातल्या पन्नास पॅचवर नावातली वेलांटी ऱ्हस्व झालेली असते, नाहीतर अक्षरांच्या जागी दोऱ्याचे गोळे असतात. भरलेला दोरा खोडरबराने पुसता येत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी काय ठरवायचं, कारखान्याला काय विचारायचं आणि मराठी अक्षरं सुईतून नीट कशी उतरवायची, ते आज क्रमाने पाहू.

आधी अर्थ, मग आकार

पॅच पाठीवर लावायचा की छातीवर, हा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. अमेरिकेतल्या मोटरसायकल क्लबांमध्ये पाठीवरच्या तीन तुकड्यांना ठरलेला अर्थ आहे. वरच्या कमानीत क्लबचं नाव, मध्ये चिन्ह, खालच्या कमानीत प्रदेश. या कमानींना तिथे रॉकर म्हणतात. १९४७ साली कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावी मोटरसायकल मेळाव्यात गोंधळ झाला आणि वर्तमानपत्रांनी तो गाजवला. पुढे कायद्याबाहेर वागणाऱ्या काही क्लबांनी '१%' लिहिलेला चौकट आकाराचा पॅच मिरवायला सुरुवात केली. बाकीचे नव्याण्णव टक्के सरळमार्गी आणि आम्ही उरलेले एक टक्का, असा त्याचा रोख. अशा क्लबांत तीन तुकड्यांचा पॅच सहज मिळत नाही. उमेदवारी करावी लागते, आणि क्लब सोडला तर पॅच परत द्यावा लागतो.

आपल्याकडच्या बहुतेक गटांचा या परंपरेशी संबंध नाही. आपण फिरायला निघालेली माणसं. पण गोव्यातल्या मोठ्या मोटरसायकल मेळाव्यांत देशभरातले क्लब येतात, आणि त्यांतले काही हे नियम मनापासून पाळतात. आपल्यातलं कुणी परदेशात भाड्याची गाडी घेऊन आपलंच जॅकेट घालून फिरतं. तेव्हा नको तो गैरसमज टाळायचा असेल, तर एकसंध पॅच करावा. नाव, चिन्ह, गाव सगळं एकाच तुकड्यात. '१%' तर चुकूनही नको.

पॅच कुणाला द्यायचा, हेही पहिल्याच बैठकीत ठरवा. एका राइडला आलेल्या पाहुण्याला द्यायचा का? गट सोडून गेलेल्याचं काय? या प्रश्नांची उत्तरं चार ओळींत लिहून ठेवली, तर पुढची भांडणं वाचतात. किती नग करायचे, हा आकडाही त्यातूनच निघतो.

कायद्याच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट राष्ट्रध्वजाची. राष्ट्रसन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा कमरेखाली घालायच्या कपड्यावर ध्वज वापरायला मनाई करतो. रुमाल, उशा, अंतर्वस्त्रं आणि पोशाखाचं कापड यांवर ध्वज भरायला किंवा छापायलाही मनाई आहे. ध्वजावर मजकूर लिहिणंही याच कायद्यात अवमान मानलेलं आहे. म्हणजे तिरंग्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर गटाचं नाव, ही सर्रास दिसणारी कल्पना सरळ सरळ चुकीची आहे. शिवाय अशोकचक्राला चोवीस आरे असतात. छोट्या पॅचमध्ये ते दोऱ्याने भरले तर मधोमध निळा ठिपका तयार होतो. माझा सल्ला असा, की गटाच्या पॅचमध्ये ध्वज घेऊच नका.

दुसरी गोष्ट चार सिंहांच्या राजचिन्हाची. त्याच्या अयोग्य वापराला २००५ च्या कायद्याने मनाई आहे. सैन्यदलं आणि पोलीस यांची पदचिन्हंही तशीच सोडून द्यायची. गटात निवृत्त फौजी असला तरी गटाचा पॅच हा काही पलटणीचा नव्हे.

तिसरी गोष्ट कंपन्यांच्या चिन्हांची. गटात सगळ्यांकडे एकाच कंपनीच्या गाड्या असतात आणि तिचं चिन्ह पॅचमध्ये हवंसं वाटतं. ही चिन्हं १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली नोंदलेली असतात. परवानगीशिवाय ती भरून घेतली आणि त्यात वर ते पॅच विकले, तर कंपनी हरकत घेऊ शकते. चांगले कारखाने अशा कामाला आधीच परवानगीचं पत्र मागतात. त्यापेक्षा हेडलाइट, हँडल, घाटाची वळणं, आपल्या गावची टेकडी यांतून स्वतःचं चिन्ह काढा. दुसऱ्याच्या चिन्हापेक्षा ते जास्त दिवस आपलं वाटतं.

चित्र आणि टाके यांत फरक असतो

कारखान्याला चित्र पाठवलं की मशीन ते भरतं, असा समज असतो. मधे एक माणूस बसलेला असतो, हे आपल्याला दिसत नाही. तो चित्र पाहून ठरवतो की कुठे कोणता टाका पडेल, दोरा कोणत्या दिशेने जाईल, कोणता रंग आधी येईल. या कामाला डिजिटायझिंग म्हणतात. पॅच चांगला निघणं निम्म्याहून जास्त या माणसाच्या हातात असतं.

टाके मुख्यतः तीन प्रकारचे. बारीक रेषेसाठी साधा धावता टाका. अक्षरं आणि कडा यांसाठी सॅटिन, ज्यात दोरा या काठावरून त्या काठावर जातो आणि चकाकतो. मोठ्या जागा भरण्यासाठी फिल. सॅटिनची पट्टी एक मिलिमीटरपेक्षा बारीक झाली तर टाके एकमेकांवर चढतात. सात-आठ मिलिमीटरपेक्षा रुंद झाली तर लांब दोरे सैल राहतात आणि चेनमध्ये किंवा बॅगेच्या पट्ट्यात अडकून ओढले जातात. त्यात टाके पडताना कापड थोडं आकसतं. म्हणून पडद्यावरचं गोल चाक कापडावर अंडाकृती होऊ शकतं. जाणकार डिजिटायझर याचा आधीच हिशेब धरतो, खाली आधाराचे टाके घालतो आणि आकार किंचित फुगवून ठेवतो.

यातून एक नियम निघतो. एकाच फाइलमधून छातीचा चार इंची आणि पाठीचा अकरा इंची पॅच निघत नाही. टाक्यांची फाइल दहाएक टक्क्यांपर्यंत लहानमोठी करता येते. त्यापुढे टाके विरळ होतात किंवा दाटतात. दोन आकार हवे असतील तर दोन वेळा डिजिटायझिंग, आणि खर्चही दोनदा धरायचा.

मराठी अक्षरं सुईतून उतरवताना

इंग्रजी अक्षरं सुटी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात, वर मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षरं. म्हणून तेवढ्याच जागेत मराठी नावाला जास्त उंची लागते. साधारण पॅचमध्ये चाळीस नंबरचा दोरा वापरतात. त्यात अक्षराचं अंग, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अंतर, निदान सहा-सात मिलिमीटर तरी ठेवा. वर मात्रेला आणि खाली उकाराला वेगळी जागा सोडा. याहून लहान अक्षर हवंच असेल तर साठ नंबरचा बारीक दोरा आणि बारीक सुई लागते. कारखान्याकडे ती आहे का, हे आधी विचारा.

घ, ध, भ, थ, क्ष यांच्या गाठी आणि पोकळ्या आधी बुजतात. 'घाट' लिहिलेलं चार फुटांवरून कसं दिसेल ते पाहा. घ आणि ध यांत फरक करणारी जागा उघडी राहिली पाहिजे. अनुस्वाराचा ठिपका दोन-तीन टाक्यांत उरकला, तर धुताना निघून जातो किंवा डाग वाटतो. त्याला नीट गोल भरायला सांगा. शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर वेगळी न भरता, नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सॅटिन पट्टी ठेवली तर नाव सलग दिसतं.

कमानीत लिहिताना आणखी एक अडचण येते. सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर सुटं वळवतं आणि शिरोरेषेचे सरळ तुकडे होतात, मधे पाचरीसारख्या फटी राहतात. नावाची शिरोरेषा कमानीच्या रेषेत एक वळण म्हणून काढून घ्यायला चित्रकाराला आधीच सांगा.

आता वळणाबद्दल. मराठीतला ल आणि श हिंदीत रूढ असलेल्या वळणाहून वेगळे आहेत. आपल्याकडचा फाँट न वापरता कारखान्याने त्यांचा नेहमीचा लावला, तर नाव वाचता येईल, पण परकं दिसेल. 'दऱ्याखोऱ्या' या शब्दातला ऱ्य, म्हणजे र वरचा तो छोटा आडवा फाटा, पुष्कळदा मोडतो. 'सह्याद्री' शब्दात ह्य आणि द्र ही दोन जोडाक्षरं लागोपाठ येतात, शेवटी दीर्घ वेलांटी. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली आणि फाँट सापडला नाही, की ह् आणि य सुटे पडतात आणि मधे हलन्त लटकतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेलं नाव तर निव्वळ खुणांची रांग होऊन जातं.

उपाय सोपा आहे. नाव टाइप करून पाठवू नका, चित्र करून पाठवा. कोरलड्रॉ किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्हमध्ये बदलून पीडीएफ काढली, की तो मजकूर राहत नाही, आकृती होते, आणि आकृती मोडत नाही. सोबत नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याचा फोटोही द्या. ज्याला मराठी येत नाही असा कारागीर त्या फोटोशी टाके ताडून पाहू शकतो.

महाराष्ट्राबाहेरच्या मंडळींना शिवरायांची राजमुद्रा पॅचवर हवी असते. भावना समजते. पण त्या अष्टकोनात बत्तीस अक्षरांचा पूर्ण श्लोक आहे आणि जोडाक्षरं भरपूर. तीन इंचांत तो दोऱ्याने भरला तर वाचता येणार नाही. अशा कामाला भरलेला नाही, विणलेला पॅच घ्यावा. तो बारीक दोऱ्याने मागावर विणतात, पृष्ठभाग सपाट राहतो आणि लहान अक्षरं उठून दिसतात. जागाही विचार करून निवडा. पावसात चिखल उडतो तिथे, कमरेजवळ किंवा बॅगेच्या तळाशी, ती मुद्रा शोभत नाही.

कापड, दोरा, कडा, पाठ

कोटेशन मागताना पाच गोष्टी लिहून द्या. आकार, भरावाचं प्रमाण, दोरा, कडा आणि पाठीमागचं अस्तर.

भरावाचं प्रमाण म्हणजे पॅचचा किती भाग दोऱ्याने झाकलेला असेल. पन्नास टक्के भराव असेल तर ट्विलचं कापड पार्श्वभूमी म्हणून दिसतं. शंभर टक्के भराव जड, दाट आणि महाग. पाठीवरच्या मोठ्या पॅचला पूर्ण भराव दिला तर तो पत्र्यासारखा ताठ होतो, तेव्हा तिथे कापडाचाच रंग पार्श्वभूमी ठेवलेला बरा.

दोरा पॉलिएस्टरचा घ्या. रेयॉनला चकाकी जास्त असते, पण ऊन आणि धुलाई पॉलिएस्टर जास्त सोसतं, आणि आपलं जॅकेट सगळा दिवस उन्हात असतं. रंग मोबाइलच्या पडद्यावर ठरवू नका, प्रत्येक पडदा वेगळा दाखवतो. दोऱ्याच्या शेड कार्डवरचा क्रमांक घ्या आणि लिहून ठेवा.

कडा दोन प्रकारची. मेरो कडा म्हणजे ओव्हरलॉक मशीनवर मारलेली जाड, गोलसर गोट. गोल, अंडाकृती, ढालीसारख्या साध्या आकारांना ती मजबूत आणि सुंदर दिसते. पंख, शिंग, डोंगराची टोकं असे खाचखळगे असतील तर ती मारता येत नाही. तिथे सॅटिनची कडा भरून पॅच गरम धारेने किंवा लेझरने कापतात.

पाठीमागे काय हवं, हे जॅकेटवर अवलंबून आहे. इस्त्रीने चिकटणारा पॅच सुती टोपीवर ठीक. रायडिंग जॅकेट बहुधा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं असतं, जाळीचंही असतं. चिकटायला लागणारी उष्णता ते कापड सोसेलच असं नाही, आणि जाळीवर डिंक पकडही धरत नाही. चामड्यावर तर इस्त्री नकोच. तिथे शिवणंच खरं. पण चामड्याला पडलेलं भोक कायमचं असतं, म्हणून जागा आधी कागदाचा नमुना चिकटवून ठरवा, जॅकेट घालून गाडीवर बसून पाहा, मगच सुई लावा. काम चामडं शिवणाऱ्या कारागिराकडून करून घ्या, आणि पॅच वरच्या थरावरच शिवून घ्या. अस्तरासकट शिवला तर आतला खिसा आणि चिलखताची जागा बंद होते.

दोन ठिकाणी सुई कधीच लावू नका. पाणी न शिरणाऱ्या जॅकेटला भोकं पडली की तिथून पाणी झिरपतं. आणि एअरबॅग असलेल्या जॅकेटला किंवा बंडीला शिवलेला पॅच पडताना फुगणाऱ्या पिशवीला अडथळा ठरू शकतो. शोभेसाठी जीव वाचवणारी वस्तू बिघडवायची नाही, हा नियम सगळ्या नियमांच्या वर. अशांसाठी वेगळी पातळ बंडी शिवून तिच्यावर पॅच लावा, ती कुठल्याही जॅकेटवर चढते.

छातीवरच्या लहान पॅचला वेल्क्रो सोयीचा. मऊ बाजू जॅकेटवर, आकडे असलेली बाजू पॅचच्या मागे. जॅकेट धुताना पॅच काढता येतो. पाठीचा मोठा पॅच मात्र वेल्क्रोवर ठेवला तर वाऱ्याने कडा फडफडतात.

नाव आणि रक्तगट लिहिलेली पट्टीही बरेच गट करतात. नावाची पट्टी वेल्क्रोवर करावी, कारण प्रत्येक नावाची फाइल वेगळी आणि खर्च वेगळा. रक्तगटाबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या. इस्पितळात रक्त देण्याआधी तपासणी करतातच, जॅकेटवर लिहिलंय म्हणून थेट देत नाहीत. त्या जागी घरच्या माणसाचा फोन क्रमांक जास्त उपयोगी पडतो. तो पॅचवर जगजाहीर न करता हेल्मेटच्या आत आणि पाकिटात ठेवा. गटातल्या प्रत्येकाला ११२ हा आपत्कालीन क्रमांक पाठ असावा.

खर्च कशाचा लागतो

दहा पॅचचा भाव ऐकून लोक दचकतात. हिशेब असा. समजा डिजिटायझिंगला आठशे रुपये लागले. दहा पॅच केले तर प्रत्येकावर ऐंशी रुपये, शंभर केले तर आठ. मशीन लावणं, दोरे ओवणं ही मेहनतही एका नगाला तेवढीच आणि शंभरालाही तेवढीच. पुढचा खर्च टाक्यांच्या संख्येवर. वीस हजार टाक्यांचा पॅच मिनिटाला आठशे टाके घालणाऱ्या मशीनला पंचवीस मिनिटं अडकवून ठेवतो. त्यात रंग बदलणं आणि दोरा तुटणं धरलेलं नाही. बारा डोक्यांचं मशीन एकाच वेळी बारा नग काढतं. म्हणून नगांची संख्या विचारताना कारखान्याच्या मशीनची डोकी विचारली, तर भाव का बदलतो ते कळतं.

सुरतेला संगणकी भरतकामाची मशीनं मोठ्या संख्येने आहेत. बनारसला जरीच्या तारेने हाताने भरलेल्या बिल्ल्यांची जुनी कारागिरी आहे. ते बिल्ले सुरेख असतात, पण पाऊस आणि घाम त्यांना मानवत नाही. ब्लेझरवर लावा, रायडिंग जॅकेटवर नको. आपल्या शहरातला शाळेच्या गणवेशाचे बिल्ले करणारा कारखानाही उत्तम पर्याय असतो. तिथे जाऊन नमुना हातात घेता येतो.

पैसे देण्याआधी आणि नंतर

आगाऊ रक्कम किती, जीएसटी धरून की वेगळा, वाहतूक कोणाकडे, चूक निघाली तर नग बदलून मिळतील का, हे लेखी घ्या. मग प्रत्यक्ष भरलेला एक नमुना मागा. पडद्यावरचं चित्र नमुना नसतो. नमुना हातात येणार नसेल, तर शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा, पुढून आणि मागून. तो गटातल्या तिघांनी पाहावा. एकाने फक्त शुद्धलेखन, दुसऱ्याने फक्त रंग, तिसऱ्याने फक्त मापं. सगळ्यांनी सगळं पाहायचं ठरवलं की कुणीच काही पाहत नाही. तीन होकार आल्यावरच कारखान्याला 'चालू करा' म्हणायचं.

नग मोजताना सभासदांच्या संख्येवर दहा टक्के जास्त धरा. पुढच्या वर्षी पाच जण नवे येतात, आणि पाच नगांसाठी मशीन लावायला कुणी तयार नसतं. काम झाल्यावर टाक्यांची फाइल मागून घ्या. डीएसटी फाइल बहुतेक मशीनांवर चालते, पण तिच्यात खरे रंग नोंदलेले नसतात, म्हणून शेड क्रमांकांची चिठ्ठी तिच्यासोबत जपा. फाइल देणार की नाही, हे डिजिटायझिंगचे पैसे देतानाच ठरवा, नंतर नाही. आणि ती एकाच्या मोबाइलमध्ये न ठेवता गटाच्या सामायिक खात्यात ठेवा. माणसं बदली होऊन दुसऱ्या शहरात जातात, फाइल गेली तर पॅचही गेला.

शेवटी एवढंच सांगेन. परराज्यातल्या रस्त्यावर, पेट्रोल पंपावर, एखाद्या ढाब्यावर तुमच्या पाठीवरचं मराठी नाव वाचून कुणीतरी "तुम्ही कुठले?" असं मराठीत विचारतं. त्या माणसाला ते नाव दहा फुटांवरून स्वच्छ वाचता आलं पाहिजे. पॅचची परीक्षा तीच. तेव्हा या आठवड्यात एवढं करा. गटाचं नाव कागदावर पॅचच्या खऱ्या मापात लिहा, भिंतीला चिकटवा आणि दहा फूट मागे सरका. वाचता आलं तर पुढे जा, नाही आलं तर नाव मोठं करा आणि चित्र लहान. भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा, हेल्मेटचा पट्टा लावा.